व्हॅनेडियम सेस्क्विऑक्साइडमध्ये आधी काय बदलतं: चुंबकत्व की स्फटिकरचना?

या पदार्थात (V₂O₃, व्हॅनेडियमचं एक ऑक्साइड) क्रम लावायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. थंड करताना साधारण १५० ते १६० केल्विनला धातूसारखा वाहक असलेला हा पदार्थ रोधक होतो, म्हणजे विद्युत रोध दहा लाख पटींहून जास्त वाढतो, कोरंडम रचना (माणकासारखी, तिहेरी सममितीची) मोनोक्लिनिक (कमी सममितीची, तिरकी) होते आणि स्पिन (अणूंचे सूक्ष्म चुंबक) अँटिफेरोमॅग्नेटिक मांडणीत, म्हणजे एकमेकांचं चुंबकत्व रद्द करतील असे, बसतात. तिन्ही गोष्टी एकाच उडीत.

गुंता मात्र नीट दिसतो. कोरंडममध्ये प्रत्येक व्हॅनेडियमला षटकोनी जाळीत तीन सारखे शेजारी असतात. कमी तापमानाच्या अवस्थेत एका शेजाऱ्याशी स्पिन समांतर, दोघांशी विरुद्ध. अशी मांडणी तिहेरी सममिती मोडणारच, त्यामुळे जाळीलाही वाकावं लागतं. समांतर जोडीतलं अंतर वाढतं.

म्हणून चुंबकीय मांडणीच पदार्थाला रोधक बनवते असं समजू नका. एक-दोन टक्के क्रोमियम मिसळलं की खोलीच्या तापमानालाच तो रोधक होतो, तेही कोरंडम सममिती आणि पॅरामॅग्नेटिक (स्पिनची मांडणी न लागलेली) अवस्था टिकवून. रोधक होणं आणि चुंबकीय मांडणी वेगवेगळी पाहायची असेल तर निकेलेट (निकेलची ऑक्साइड संयुगं) घ्या. निओडिमियमच्या निकेलेटमध्ये दोन्ही बदल २०० केल्विनच्या आसपास एकत्र होतात. समेरियमचं निकेलेट ४०० केल्विनच्या सुमारास रोधक होतं, निकेल-ऑक्सिजन अष्टफलक आळीपाळीने लहान-मोठे होतात, पण चुंबकीय मांडणी लागते थेट २२५ केल्विनच्या जवळ.

प्रत्यक्ष मोजमापात सर्वात जास्त फसवतो तो हिस्टेरिसिस, म्हणजे थंड करताना आणि तापवताना संक्रमण वेगळ्या तापमानाला होणं. व्हॅनेडियमच्या या ऑक्साइडमध्ये तो सुमारे १० केल्विन असतो. रोध थंड करताना आणि विवर्तन (स्फटिकरचना दाखवणारं किरणांचं मोजमाप) तापवताना घेतलं, तर दोन बदलांत नसलेली फारकत दिसते. तोच नमुना, तीच दिशा, तोच वेग ठेवा. संक्रमणाजवळ मिनिटाला १ केल्विनपेक्षा हळू जा. थंड होताना आकारमान सव्वा-दीड टक्क्याने वाढतं, स्फटिक तडकतो, संपर्क सुटतात. रोधाच्या आलेखातल्या मधल्या पायऱ्या बहुधा याच तड्यांच्या असतात. चार-संपर्क पद्धत (प्रवाहाच्या आणि व्होल्टेजच्या तारा वेगळ्या) वापरा, तारा बारीक आणि सैल ठेवा, आणि पुन्हा खोलीच्या तापमानाला आणून रोध पूर्वीइतका येतो का बघा. वाढलेला असेल तर ते मोजमाप टाकून द्या.

न्यूट्रॉन विवर्तनात व्हॅनेडियमची केंद्रकं जवळजवळ दिसतच नाहीत (नमुन्याचे डबे त्याचेच करतात ते उगाच नाही). चुंबकीय शिखरं तिथून घ्या, व्हॅनेडियमच्या जागा क्ष-किरणांवरून.

संक्रमण खाली सरकलेलं किंवा गायबच दिसलं तर आधी ऑक्सिजनचं प्रमाण तपासा. थोडा जादा ऑक्सिजनही धातू अवस्था टिकवून धरतो. अशा वेळी नमुना कार्बन मोनॉक्साइड-डायऑक्साइडच्या ठरावीक मिश्रणात पुन्हा तापवून घ्यावा.