सत्तावन्न रुपयांचा फरक

कुपवाडच्या एमआयडीसीत बत्तीस वर्षं टाइम ऑफिसात बसून दुसऱ्यांचे पगार काढले. निवृत्त झाल्यावर आता या सदरात वाचकांच्या पगाराच्या शंकांना उत्तरं देतो. पत्रासोबत स्लिपची झेरॉक्स असली तर नीट सांगता येतं. नुसतं ‘पगार कमी आहे’ असं लिहून पाठवलंत तर मी तरी काय करणार? सगळ्यांचाच कमी असतो.

पोरगा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. कुपवाडला एका मशीन शॉपमध्ये पीएफ वगैरे कापून हातात १५,००० देतात. चाकणला वर्षाला ३ लाख ६० हजारांचं पॅकेज मिळतंय. भावकीत सगळे म्हणतात, तीस हजार सोडून पंधरावर काय बसवताय? चाकणचं पत्र सोबत जोडलंय. – एक आई, तासगाव

ताई, पत्र दोनदा वाचलं. त्यात तीस हजार आहेत, पण ते मुलाच्या हातात पडणारे नाहीत. कंपनीचा मुलामागे होणारा सगळा खर्च म्हणजे पॅकेज. तुमच्या पत्रात महिन्याला बेसिक १२,०००, घरभाडं ४,८०० आणि ‘इतर भत्ता’ ७,६८३ आहे. हे झाले २४,४८३. बाकीच्यात कंपनीने भरायचा पीएफ १,४४०, ग्रॅच्युइटीची तरतूद ५७७, विम्याचे ५०० आणि ‘कामगिरीनुसार’ वर्षाअखेरीस मिळाले तर मिळणारे ३,००० येतात. ते ३,००० तूर्त विसरा. मी असे आकडे शेकड्याने टाइप केलेत आणि वर्षाअखेरीस निम्म्याने कापलेतही.

आता २४,४८३ मधून मुलाचा स्वतःचा पीएफ १,४४०, व्यवसाय कर २०० आणि कँटीन-बसचे १,१०० गेले की हातात २१,७४३ येतात. खोलीत तिघं राहिले तरी वाट्याला ४,५०० येतील. मेसचे ३,५०० आणि इकडचातिकडचा खर्च १,५०० धरला तर महिनाअखेर १२,२४३ उरतात.

कुपवाडचं बघू. रोज तासगावहून गाडीवर जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर होतात. महिन्याला पेट्रोलचे २,७०० धरले तर उरतात १२,३००. म्हणजे कुपवाडच ५७ रुपयांनी पुढे!

पण भावकीला हा आकडा सांगायच्या आधी एक गोष्ट बघा. चाकणच्या बाजूला मी मेसचे साडेतीन हजार कापले आणि कुपवाडच्या बाजूला तुमच्या भाकरीचा एक रुपयाही धरला नाही. पहाटे डबा तुम्ही करता, म्हणून कुपवाड जिंकतं. हा हिशेब घरात कुणी मांडत नाही, मीही बत्तीस वर्षांत कधी मांडला नाही.

आणखी एक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा असतो. तुमच्या पत्रात बेसिक चाळीस टक्केच आहे. तेव्हा ग्रॅच्युइटी कशावर धरली, हे मुलाला लेखी विचारायला सांगा. विचारलं म्हणून नोकरी जात नाही.

आता पैशाहून मोठी गोष्ट. मशीनवर मला काय करायला देणार, हे त्याने दोन्हीकडे विचारावं. ऑपरेटर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावतो, बटण दाबतो, जॉब काढतो. सेटर टूल बसवतो, त्याच्या मापाचा फरक (ऑफसेट) मशीनला देतो आणि पहिला पीस मायक्रोमीटरने मोजून पास करून घेतो. आमच्याकडे एकाच आयटीआयचे दोघे शेजारी-शेजारी उभे असायचे आणि सेटर ऑपरेटरच्या दीडपट पगार घ्यायचा. मेहनत बघाल तर ऑपरेटरचीच जास्त. पण ऑपरेटर नाही आला तर दुसरा उभा करता येतो. सेटर नाही आला की मशीन उभं राहतं. जिथे सेटिंग शिकवणार असतील तिथे जाऊ दे, मग ते कुपवाड असो नाहीतर चाकण.

एम.ए., बी.एड. आहे. पाच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतो. दिवाळीत आणि मे महिन्यात हातात काही येत नाही. माझ्याच वर्गातला दहावी नापास मित्र पोकलेन चालवतो. त्याला महिना २८,००० आणि वर रोजचा जेवणभत्ता. शिक्षणाला किंमत नाही हेच खरं ना? – एक शिक्षक, जत

सर, तुमचा राग समजतो, पण तो पोकलेनवाल्यावर काढू नका. पोकलेन तासावर भाड्याने जातं. मालकाच्या डोक्यावर बँकेचा हप्ता असतो. ऑपरेटर आला नाही तर मशीन उभं राहतं, हप्ता मात्र चालूच. नवख्या माणसाने बकेट जोरात आपटली तर हायड्रॉलिकचं काम निघतं, आणि ते एका पगारात भागत नाही. तुमच्या मित्राला मिळतात ते बरेचसे त्या भीतीचे पैसे आहेत. पुन्हा हे काम उन्हाळ्यात जोरात असतं. पावसाळ्यात त्याला किती महिने घरी बसावं लागतं, हेही एकदा विचारा.

तुमची तुलना शेजारच्या वर्गाशी व्हायला हवी. माध्यमिक शाळेत कायम असलेल्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाची सातव्या वेतन आयोगातली श्रेणी ३८,६०० ते १,२२,८०० आहे, वर महागाई भत्ता. त्याच शाळेतल्या शिक्षण सेवकाला तीन वर्षं १८,००० मानधन मिळतं. २०२३ च्या वाढीआधी ते ८,००० होतं! आणि तुम्हाला तासाचे मोजून. तिघांचं पुस्तक एक, फळा एक, पोरंही तीच. म्हणजे पगार शिक्षणाचा नाही, शिकवण्याचाही नाही. मंजूर पदावर कोण बसलाय, त्याचा आहे.

मला स्पष्ट बोलू द्या. तुमचा तास बुडाला तर त्या दिवशी कुठलंच मशीन बंद पडत नाही. नुकसान दहा वर्षांनी दिसतं आणि तेव्हा कुणी तुमच्याकडे बिल मागायला येत नाही. संस्थावाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. शिक्षक भरतीची परीक्षा देत राहा, पण ‘पुढच्या वर्षी कायम करतो’ या तोंडी शब्दावर सहावं वर्ष काढू नका. कुठे तरी लेखी असेल तरच थांबा.

मुलगा अग्निवीरची तयारी करतोय. महिना तीस हजार मिळतात हे खरं का? – एक शेतकरी, ता. कोरेगाव

पहिल्या वर्षी ३०,००० खरे, पण त्यातले ९,००० सेवानिधीत कापले जातात आणि हातात २१,००० येतात. चौथ्या वर्षी पगार ४०,०००, हातात २८,०००. सरकार सेवानिधीत तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांनी व्याजासकट सुमारे ११ लाख ७१ हजार मिळतात, करमुक्त. राहणं-जेवण फौजेचं, त्यामुळे हातातले बहुतेक शिल्लक पडतात. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी मात्र नाही. पुढे कायम सेवेत जास्तीत जास्त पंचवीस टक्के घेतात. तुमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारख्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या फौजेच्या पेन्शनवर घरं उभी केली. तो जुना हिशेब मनात धरून पोराला पाठवू नका. अकरा लाख आल्यावर ते ट्रॅक्टरात घालायचे की शिक्षणात, हे आत्ताच त्याच्याशी बोलून ठेवा.

मिरज एमआयडीसीत पॅकिंगला आहे, सात वर्षं झाली. माझ्याच टेबलावर मागच्या वर्षी लागलेल्या मुलाला माझ्यापेक्षा १,३०० रुपये जास्त आहेत. सुपरवायझर म्हणतो, त्याची ग्रेड वेगळी आहे. काका, ग्रेड म्हणजे काय? – एक ताई, मिरज

तुमची आणि त्या मुलाची, दोन्ही स्लिपा बघितल्या. तुमच्या स्लिपवर पदनाम आहे ‘हेल्पर’ आणि त्याच्यावर ‘पॅकर’. सगळी गोम तिथेच आहे. किमान वेतनाच्या दरात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे भाग असतात. हेल्पर पडला अकुशलमध्ये, पॅकरला बसवलं अर्धकुशलमध्ये. एका शब्दाचे १,३०० रुपये.

हे मला इतकं चटकन कसं कळलं? कारण मी स्वतः हेच लिहिलंय. आमच्या कारखान्यात पॅकिंगला अकरा बायका आणि चार पुरुष होते. खोकी तीच, पट्टी मारायचं मशीन तेच. हजेरीपत्रकात बायकांच्या नावापुढे ‘हे.’ आणि पुरुषांच्या नावापुढे ‘अ.कु.’, म्हणजे अर्धकुशल, लिहायचं, असं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं. का, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, “ते जड उचलतात.” जड खोकी उचलायला हमाल वेगळा होता आणि त्याचाही पगार मीच काढत होतो. तरी दर महिन्याला त्या अकरा नावांपुढे ‘हे.’ लिहीत राहिलो. हळद निवडण्यापासून द्राक्षाच्या विरळणीपर्यंत बाईची हजेरी कमीच, हे लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळे हात अडखळलाही नाही. त्यातल्या एकीने एकदा खिडकीशी येऊन विचारलं, “दादा, हे ‘हे’ म्हंजे काय वो?” मी म्हणालो, कोड आहे.

आता तुमचं. एकाच किंवा सारख्या कामाला बाई म्हणून कमी वेतन देता येत नाही. हा कायदा १९७६ पासून आहे आणि आता तो वेतन संहितेत आलाय. पण भांडण ‘बाई-पुरुष’ असं सुरू करू नका, ते लगेच ‘जड उचलतो’वर येईल. एक अर्ज लिहा: मी अमुक तारखेपासून पॅकिंगचं काम करते, पट्टी मशीन चालवते, लेबल तपासते, तरी माझं पदनाम ‘पॅकर’ करावं. अर्ज दोन प्रतींत करा आणि एकीवर पोच घ्या. टेबलावरच्या सगळ्याजणींनी मिळून दिला तर फार बरं, एकटीला वेगळ्या खात्यात हलवणं सोपं असतं. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर पोचेची प्रत घेऊन सांगलीला सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. सात वर्षांच्या स्लिपा आहेत ना? त्या फाडू नका.

आम्हाला शाळेत ‘व्यवसाय आणि उत्पन्न’ असा प्रकल्प आहे. काका, तुम्हाला स्वतःला किती पगार होता? – इयत्ता नववी, भिलवडी

बाळा, हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता.

१९८६ मध्ये लागलो तेव्हा ६४० रुपये. २०१८ मध्ये निवृत्त होताना बेसिक आणि महागाई भत्ता मिळून २६,०००. सेटरपेक्षा नेहमीच कमी, कारण माझ्या खुर्चीसाठी बी.कॉम. झालेले पन्नास जण गेटवर यायचे. ग्रॅच्युइटीचं गणित प्रकल्पात घाल, गुरुजी खूश होतील: शेवटच्या पगाराला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. माझे वर्षाला १५,००० पडले आणि बत्तीस वर्षांचे ४ लाख ८० हजार.

हातात आले साडेचार लाख. सुरुवातीची दोन वर्षं मी टेम्पररी होतो, ती माझ्या जागी आलेल्या मुलाने धरलीच नाहीत. मीच त्याला शिकवलं होतं, ‘कायम झाल्याची तारीख बघायची’. चूक माझीच त्याच्या हातून माझ्याकडे परत आली. त्या दोन्ही वर्षांत माझे २४० दिवसांहून जास्त भरले होते, तेव्हा ती धरायलाच हवी होती. नेमणुकीचं पहिलं पत्र कपाटात होतं, त्याची प्रत जोडून अर्ज केला. आठ महिन्यांनी ३०,००० चा चेक आला. पत्र अजून आहे. कागद पिवळा पडलाय, पण आकडा स्पष्ट वाचता येतो: रु. ६४०, अक्षरी सहाशे चाळीस फक्त.