ओल्या कचऱ्याच्या बादलीत अळ्या झाल्यात, फेकून देऊ की खत होईल?

फेकू नका भाऊ, आधी नीट बघा कसल्या आहेत. तुम्ही लिहिलंय की करड्या, चपट्या, जाड कातडीच्या आहेत आणि काही काळपट पडल्यात, म्हणजे बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असणार. घरमाशीच्या अळ्या पांढऱ्या, मऊ आणि लहान असतात, ह्या मात्र वाढून दोनेक सेंटीमीटर होतात. माशी काळी, लांबट, पहिल्यांदा बघितली की गांधीलमाशीच वाटते, पण ती चावत नाही आणि घरमाशीसारखी ताटावर येऊन बसत नाही, काही दिवस जगायचं, अंडी घालायची आणि संपलं. सगळं खाणं अळीच्याच वयात उरकलेलं असतं.

मी भुसावळजवळ राहतो, माझ्याकडे अंगणात जुन्या ड्रममध्ये तिसरं वर्ष आहे. पहिल्यांदा आईने बघितलं तेव्हा अर्धी बाटली फिनाईल ओतणार होती, कसंबसं थांबवलं. ह्यांचं बरं हे की उरलेली शेवभाजी, तेल-तिखट, शिळी भाकरी सगळं खातात, गांडुळांना मात्र तेल-तिखट चालत नाही. केळीची सालं तर आपल्याकडे कमी नाहीतच. हाडं आणि नारळाच्या शेंड्या टाकू नका, तशाच पडून राहतात.

आता जिथे माझी फजिती झाली ते सांगतो. एका उन्हाळ्यात टरबुजाची सालं भरमसाठ टाकली, ड्रममध्ये पाणीच पाणी झालं आणि रात्रीतून शेकडो अळ्या बाहेर, सकाळी ओट्यापासून मोरीपर्यंत वरात! ओल्या भिंतीवरून ह्या सहज चढतात, वरची कड कोरडी असली की अडतात. तेव्हापासून तळाला भोकं पाडून खाली भांडं ठेवतो आणि ओलं टाकलं की वरून सुका पाला नाहीतर लाकडाचा भुसा. मूठभर काढून दाबलं तर हात ओला व्हावा, पाण्याची धार लागू नये, एवढंच लक्षात ठेवा. दुसरं म्हणजे आपलं ऊन. ह्यांना साधारण २७ ते ३० डिग्री मानवतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, म्हणून ड्रम निंबाच्या सावलीत आणि बाहेरून ओलं गोणपाट. थंडीत काम मंदावतं, घाबरू नका, टाकणं कमी करा.

पण एक गोष्ट बरेच जण सांगत नाहीत. अळ्यांनी खाऊन जे काळं-तपकिरी उरतं ते लगेच खत नाही. दोन-तीन आठवड्यांत ढीग एवढासा होतो, माणूस खूश होतो, मीही तेच ताजं ताजं वांग्याच्या रोपांना घातलं आणि अर्धी रोपं पिवळी पडून गेली. ते महिनाभर सावलीत, अधूनमधून हलवत मुरू द्या किंवा गांडुळांच्या बेडमध्ये टाका, मातीसारखा वास आला की मगच झाडाला.

काळपट झालेल्या अळ्यांचं खाणं संपलेलं असतं, त्या कोरडी जागा शोधत निघतात. ड्रमच्या आतून कडेपर्यंत पुठ्ठ्याची एक तिरकी पट्टी लावली की तिच्यावरून चढून स्वतःच बाहेर ठेवलेल्या डब्यात पडतात. आमच्या शेजारच्या काकूंच्या कोंबड्या त्या डब्याची वाट बघत असतात. सगळ्या मात्र देऊ नका, थोड्या सुक्या भुशात ठेवा, नाहीतर पुढच्या माशा कुठून येणार? आणि ड्रमच्या तोंडाशी पुठ्ठ्याचा नळीदार तुकडा लटकवा, त्या फटीत माशी अंडी घालते, विकत काही आणावं लागत नाही.