डबलसीट लांब जायचंय तर स्कूटर कुठली घ्यावी

अरे भावा, आधी सीसी बघू नकोस, चाक बघ. पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात बायकोला मागे बसवून जायचं म्हणतोस ना, मग १० इंची चाक खड्ड्यात आपटलं की सगळा दणका मागच्याच्या कंबरेत जातो. यामाहाच्या एरॉक्स १५५ ला पुढे-मागे १४ इंची चाकं, लिक्विड कूल्ड इंजिन, घाटात डबलसीट दम लागत नाही. पण टाकी फक्त साडेपाच लिटरची, आणि पाय ठेवायच्या जागी मधे उंचवटा (बोगदा म्हणतात त्याला) असल्याने पायाशी पिशवी ठेवायची सवय असेल तर विसर. सुझुकीच्या बर्गमन १२५ वर ऐसपैस बसता येतं, सपाट रस्त्याला मस्त, चढाला मात्र डबलसीट रडते.

शोरूमला एकटा जाऊ नकोस, वहिनींना घेऊन जा, मागे बसवूनच टेस्ट राईड मार आणि पाय कुठे टेकतात, अर्ध्या तासाने पाठ काय म्हणते ते त्यांनाच विचार, आपल्याला पुढे बसून काही कळत नाही (मी हे लग्नानंतर शिकलो).

उतारावर थ्रॉटल पूर्ण सोडून नुसत्या ब्रेकवर येऊ नकोस, वेग फार कमी झाला की स्कूटरचा आतला क्लच आपोआप सुटतो, गाडी मोकळी पळते आणि ब्रेक तापतात. मागच्या टायरला डबलसीटची हवा भर. आणि मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर दुचाकीला बंदी आहे बरं का, मुंबईला जुन्या हायवेनेच.