सुई बदलताना काय पाहावे?

प्रश्न : माझ्या रेकॉर्ड प्लेअरवर शेवटची गाणी लागली की ‘स’, ‘श’ ही अक्षरे फाटल्यासारखी ऐकू येतात. सुई गोल टोकाची आहे. अधिक चांगली सुई घेतल्यास फरक पडेल का? तिच्यावर मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्याही वाजवता येतील का?

उत्तर : फरक पडेल, आणि तो नेमका तिथेच जाणवेल. तबकडीच्या मध्याकडे जाताना खाचेचा वेग कमी होत जातो, त्यामुळे उच्च स्वरांच्या लाटा तिथे दाटीवाटीने कोरलेल्या असतात आणि सुमारे १८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येचे गोल टोक त्यांच्या बारीक वळणांत नीट शिरू शकत नाही. लंबवर्तुळाकार टोकाच्या कडा याहून बऱ्याच अरुंद असल्याने ते ही वळणे अधिक अचूक पकडते. त्याहूनही बारीक घडणीच्या सुया मिळतात. मात्र कार्ट्रिज (सुई ज्यात बसते तो भाग) काटेकोरपणे बसवलेले नसेल, तर त्यांवरचा खर्च वाया गेलाच म्हणून समजा. नवी सुई तुमच्या कार्ट्रिजसाठीच बनवलेली असावी आणि टोनआर्मचा (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याचा) सुईवरील भार उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत ठेवावा. भार फार कमी ठेवल्यास सुई खाचेत उसळते आणि तबकडीची हानी उलट वाढते.

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी वेगळीच सुई लागेल. त्यांची खाच रुंद असल्याने सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक हवे; एलपीची (नेहमीच्या लाँग-प्ले तबकडीची) सुई तिच्या तळाशी घासत जाते आणि खरखरच अधिक ऐकू येते.