टॅरोचा संच, कादंबरीची प्रसिद्धी आणि चित्रकर्तीचा हक्क

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपल्या इंग्रजी अद्भुतरम्य कादंबरीमालिकेचे दोन भाग किंडलवर केडीपी सिलेक्टमध्ये (अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशन सेवेतील, ई-पुस्तक केवळ किंडलवर ठेवण्याची योजना) आहेत, तिसरा भाग येत्या हिवाळ्यात येणार आहे आणि कुडाळच्या एका चित्रकर्तीने मालिकेतील पात्रांवर टॅरोचा, म्हणजे भविष्यकथनासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रपत्त्यांचा, पूर्ण संच काढण्याची तयारी दाखवली आहे. या संचाचा प्रसिद्धीला उपयोग होईल का, तिला मोबदला कसा द्यावा आणि कामाचा क्रम काय असावा, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी बरीच वर्षे माझी पुस्तके स्वतःच प्रकाशित करते आणि चित्रकारांबरोबर काम करते, म्हणून सविस्तर लिहिते. माझे मत आधीच सांगते. टॅरोच्या संचाकडे केवळ कादंबरीची जाहिरात म्हणून पाहिले, तर संचही अर्धवट राहतो आणि जाहिरातही साधत नाही. तो आपण आणि चित्रकर्तीने मिळून केलेला एक वेगळा ग्रंथ आहे, असे धरून चालावे आणि त्याचे हक्क पहिले रेखाटन होण्याआधी कागदावर यावेत.

हा आग्रह धरण्याचे कारण टॅरोच्या इतिहासातच आहे. आज जगभर सर्वाधिक ओळखला जाणारा संच डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या रायडर या प्रकाशनसंस्थेने काढला. त्याची कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची होती आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. त्यापूर्वीच्या बहुतेक संचांत लहान अंकांच्या पत्त्यांवर केवळ पेले किंवा तलवारी मोजून मांडलेल्या असत. स्मिथ यांनी त्या प्रत्येक पत्त्यावर माणसे, हवामान आणि प्रसंग आणले, आणि पत्ता पाहताच गोष्ट सुचावी ही सोय त्यांच्यामुळेच झाली. कादंबरीकारांना टॅरोचे आकर्षण वाटते त्याचे मूळही इथेच आहे. एवढे काम केल्यावर त्यांनी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांना पत्रातून कळवले होते की, खूप मोठे काम अगदी थोड्या पैशांत करून दिले. विक्रीत त्यांचा वाटा नव्हता. संच अनेक दशके प्रकाशक आणि वेट यांच्याच नावांनी ओळखला गेला, आणि १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधील ब्यूड येथे स्मिथ यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्यावर कर्ज होते. त्यांचे नाव संचाच्या नावात जोडण्याची पद्धत अलीकडची आहे. टॅरो जमवणारे वाचक ही हकिकत जाणतात, त्यामुळे नव्या संचाच्या पेटीवर चित्रकाराचे नाव कोठे आणि केवढे आहे, हे ते आवर्जून पाहतात.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार कलाकृतीचा पहिला मालक सामान्यतः ती निर्माण करणारी व्यक्ती असते. मात्र कोणी मोबदला देऊन रंगचित्र काढून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणजे काहीच लिहिले नाही, तर आपल्या चित्रकर्तीच्या हातून तिच्या चित्रांचे हक्क तिला न कळताच जाऊ शकतात. उलट हक्क तिच्याकडे ठेवून आपल्याला वापराची परवानगी द्यायची असेल, तर कलम १९ आड येते : हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह हवे, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क केवळ भारतापुरता समजला जातो. आपले बहुतेक वाचक अमेरिका आणि ब्रिटनमध्ये आहेत, म्हणून हे शेवटचे वाक्य आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. कलम ५७ मात्र हक्क विकल्यावरही कलाकाराच्या बाजूने उभे राहते. आपले नाव लावण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार तिच्याकडेच राहतो. पात्रे, त्यांची नावे आणि कथा आपल्या आहेत, हेही त्याच करारात स्पष्ट लिहावे. मी सुचवीन ते असे की, मूळ चित्रे आणि त्यांची विक्री तिची असावी, संच छापण्याचा हक्क दोघींचा संयुक्त असावा, प्रत्येक पत्त्यासाठी ठरावीक मानधन काम हाती येताच द्यावे आणि संचाच्या निव्वळ उत्पन्नात तिचा कायमचा हिस्सा असावा. कादंबरीची रॉयल्टी यात ओढू नये. पुढे मालिकेचा अनुवाद झाला किंवा कोणी ध्वनिपुस्तक केले, तर मुखपृष्ठासाठी ही चित्रे वापरता येतील का आणि त्याचे वेगळे पैसे किती, हे वाक्य लोक नेहमी विसरतात आणि भांडणे नेमकी तेथेच होतात.

आता मुळात पूर्ण संच हवा का, याविषयी. टॅरोत ७८ पत्ते असतात : २२ मेजर अर्कानाचे, म्हणजे मुख्य चित्रपत्ते, आणि ५६ मायनरचे, म्हणजे छडी, पेला, तलवार आणि नाणे या चार गटांचे प्रत्येकी १४. आठवड्याला एक पत्ता या चांगल्या गतीनेही ७८ पत्त्यांना दीड वर्ष लागते. अ‍ॅलिस्टर क्राउली यांच्या कल्पनेवरून फ्रीडा हॅरिस यांनी रंगवलेल्या संचाचे काम काही महिन्यांत उरकायचे ठरले होते. ते १९३८ ते १९४३ असे चालले आणि संच पत्त्यांच्या रूपात छापला गेला १९६९ मध्ये, दोघांच्याही मृत्यूनंतर. आपला तिसरा भाग हिवाळ्यात यायचा आहे. म्हणून आधी केवळ २२ पत्ते घ्यावेत. आठवड्याला एक या हिशेबाने ते साधारण पाच महिन्यांत होतात, त्यांचा स्वतंत्र छोटा संच निघू शकतो आणि वाचकांना तो अपुरा वाटत नाही, कारण केवळ मेजर अर्कानाचे संच टॅरोच्या जगात रूढ आहेत.

पात्रांची वाटणी करताना घाई करू नये. नायकाला मूर्ख, गुरूला एकांतवासी, खलनायकाला सैतान अशी पत्त्यांची जोडणी लगेच सुचते, आणि वाचकालाही ती आधीच सुचलेली असते, त्यामुळे पत्त्यातून त्याला नवे काही मिळत नाही. मेजर अर्काना ही शून्यापासून एकविसापर्यंत जाणारी अवस्थांची मालिका आहे; एखादे पात्र कोण आहे याऐवजी कोणत्या प्रसंगी ते त्या अवस्थेतून जाते, हे शोधले तर चित्रकर्तीला काढण्याजोगा क्षण मिळतो. तेराव्या पत्त्यावर, म्हणजे मृत्यूच्या पत्त्यावर, कोणाचे मरण दाखवायची गरज नाही. त्याचा रूढ अर्थ एका पर्वाचा शेवट आणि बदल असा आहे. सोळाव्या, म्हणजे मनोऱ्याच्या पत्त्यावर, मालिकेतील सर्वांत मोठी पडझड येऊ शकते. राजघराणी, पंथ किंवा टोळ्या असलेल्या कादंबरीला पुढे मायनरचे सोळा दरबारी पत्ते फार उपयोगी पडतात, कारण प्रत्येक गटात सेवक, सरदार, राणी आणि राजा असे चार दर्जे तयारच असतात. प्रत्येक पत्त्यासाठी चित्रकर्तीला संबंधित प्रकरण, पात्राचे वय, वस्त्र, ऋतू आणि प्रकाश इतके द्यावे आणि रचना तिच्यावर सोडावी. स्मिथ यांची रंगभूमीशी जवळीक होती आणि त्यांच्या पत्त्यांतली माणसे रंगमंचावर उभी असल्यासारखी दिसतात. चित्रकाराला स्वतःचे जग चित्रात आणू दिले, तरच अशी गोष्ट घडते. आणखी एक काळजी : तिसऱ्या भागातील रहस्य ज्या पत्त्यावर उघड होते, तो प्रकाशनापूर्वी कोठेही दाखवू नये आणि हेही करारात असावे. रायडरच्या संचातील मूळ १९०९ ची रेखाटने आता भारतात आणि ब्रिटनमध्येही स्वामित्वहक्काबाहेर आहेत. ब्रिटनमध्ये ती मुदत २०२१ अखेर संपली. त्यामुळे त्यांच्या रचनांवरून प्रेरणा घेण्यास अडचण नाही, परंतु नंतर रंग बदलून काढलेल्या आवृत्त्या आणि इतरांचे आधुनिक संच यांना हात लावू नये.

प्रसिद्धीच्या बाबतीत मला सर्वांत अधिक सांगायचे आहे, कारण आपल्या प्रश्नात सगळा भर चित्रे दाखवण्यावर आहे आणि ती चित्रे पाहून आलेल्या माणसाने पुढे काय करायचे, याचा विचार दिसत नाही. मालिकेच्या लेखकाने जाहिरातीचा खर्च नेहमी पहिल्या भागावर करावा. तिसरा भाग आला की पहिला भाग मोफत किंवा स्वस्त करायचा आणि उत्पन्न दुसऱ्या-तिसऱ्या भागांतून मिळू द्यायचे, हीच रीत स्वयंप्रकाशित लेखकांना तारते. केडीपी सिलेक्टच्या प्रत्येक ९० दिवसांच्या मुदतीत पुस्तक पाच दिवस मोफत ठेवता येते, किंवा त्याऐवजी काउंटडाउन सवलत, म्हणजे थोड्या दिवसांपुरती कमी किंमत, घेता येते. एकाच मुदतीत दोन्ही मिळत नाहीत. काउंटडाउन सवलत अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकी आणि ब्रिटिश दुकानांतच चालते, त्यामुळे ती लावून भारतातील मित्रांना पुस्तक घ्यायला सांगितले, तर त्यांना पूर्ण किंमत दिसेल. त्याच आठवड्यासाठी बुकबब या, स्वस्त ई-पुस्तकांची माहिती वाचकांना ईमेलने कळवणाऱ्या सेवेच्या निवडक सवलतींमध्ये जागा मिळावी म्हणून अर्ज करावा. तेथे संपादक पुस्तके निवडतात, बहुतेक अर्ज नाकारले जातात आणि शुल्क साहित्यप्रकार व किंमत यांवर ठरते. अमेरिका वगळून ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि भारत या देशांपुरती जागा मागितली तर खर्च बराच कमी येतो. मार्क लॉरेन्स या लेखकाने २०१५ मध्ये स्वयंप्रकाशित फँटसी कादंबऱ्यांसाठी सुरू केलेल्या स्पर्धेचाही विचार करावा. तिच्यात ३०० पुस्तके १० परीक्षक ब्लॉगांमध्ये वाटली जातात आणि अंतिम फेरीत न पोहोचताही अनेक लेखकांना त्यातून गंभीर वाचक मिळाले आहेत.

या आखणीत टॅरोची चित्रे न्यूजलेटरच्या दाराशी ठेवावीत. सिलेक्टमधील पुस्तक आपण दुसरीकडे मोफत देऊ शकत नाही, कारण ई-पुस्तकाची विक्री आणि वाटप किंडलपुरते बांधलेले असते. परंतु तीन-चार पत्त्यांची मोठ्या आकारातील चित्रे आणि त्यांतील एका प्रसंगावर नव्याने लिहिलेली, किंडलवर न टाकलेली लघुकथा बुकफनेल या, वाचकांना ई-पुस्तके पोहोचवणाऱ्या सेवेवरून देता येते. बदल्यात वाचक आपला ईमेल देतो. मग दर आठवड्याला एक पत्ता, त्यामागचा प्रसंग आणि चित्रकर्तीचे दोन परिच्छेद पाठवावेत. तिला स्वतःच्या शब्दांत लिहू द्यावे. टॅरोप्रेमी वाचक रंग, कागद आणि प्रतीके यांविषयी चित्रकाराकडून ऐकायला उत्सुक असतात. दुसऱ्या फँटसी लेखकांशी न्यूजलेटरची देवाणघेवाण करावी, परंतु परस्परांना परीक्षणे देण्याची देवाणघेवाण मुळीच करू नये. अ‍ॅमेझॉनच्या नियमांत ती बसत नाही आणि परीक्षणे काढून टाकली जातात. घरच्या मंडळींनी लिहिलेल्या परीक्षणांनाही हाच नियम लागू आहे.

काही जण आपल्याला सुचवतील की, उरलेले पत्ते एआयकडून करून घ्यावेत. माझा याला ठाम विरोध आहे. वर सांगितलेल्या स्पर्धेची मुखपृष्ठस्पर्धा २०२३ मध्ये विजेत्या चित्रात एआय वापरल्याचे उघड झाल्यावर कायमची बंद करण्यात आली. किकस्टार्टर, म्हणजे प्रकल्पांसाठी लोकांकडून पैसे उभारण्याचे संकेतस्थळ, त्याच वर्षापासून एआयच्या वापराची माहिती जाहीर करायला लावते आणि केडीपीही पुस्तक चढवताना तो प्रश्न विचारते. ज्या वाचकवर्गासाठी आपण हा संच काढणार आहात, त्याला हातांनी केलेल्या कामाची फार कदर आहे, आणि तो विश्वास एकदा गेला की परत मिळत नाही.

पैसे उभे करण्यासाठी आपण किकस्टार्टरचे नाव घेतले आहे. तेथे भारतात राहणाऱ्या व्यक्तीला प्रकल्प उभा करता येत नाही. परदेशातील नातेवाइकाच्या नावावर तो उभारण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण वस्तू पोहोचवण्याची जबाबदारी आणि मिळालेल्या पैशांवरील कर दोन्ही त्या नातेवाइकाच्या डोक्यावर येतात. आपल्याकडे मराठी प्रकाशकांनी दीर्घकाळ चालवलेली प्रकाशनपूर्व सवलतीची पद्धत यासाठी पुरेशी आहे : किंमत, पत्त्यांची संख्या, छपाईची मुदत आणि ठरावीक मागणी न आल्यास पैसे परत, एवढे स्पष्ट लिहून आगाऊ नोंदणी घ्यावी. छपाईपूर्वी मुद्रकाकडून नेमक्या त्याच कागदावर, त्याच लेपासह काही पत्ते छापून घ्यावेत आणि ते आठवडाभर पिसावेत. कडा पांढऱ्या पडतात का, पत्ते एकमेकांना चिकटतात का, हे पिसल्याशिवाय कळत नाही. टॅरोचा रूढ आकार सुमारे ७० बाय १२० मिलिमीटर आहे आणि चित्राच्या चारही बाजूंना तीन मिलिमीटर जादा रंग सोडावा लागतो, हे चित्रकर्तीला पहिल्याच दिवशी सांगावे. पडद्यावरचा गडद निळा आणि जांभळा रंग चाररंगी छपाईत मंद होतो, म्हणून नमुना पाहिल्याखेरीज रात्रीच्या दृश्यांचे रंग पक्के करू नयेत. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पत्त्यांवर आहे. पुस्तक आणि संच एकत्र विकणार असाल, तर आधी सनदी लेखापालाला विचारावे.

चित्रकर्ती कुडाळची आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सुचवते. तिच्यापासून जवळच सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवण्याची परंपरा आजही जिवंत आहे. दशावतारी गंजिफात १२० गोल पत्ते असतात : दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. टॅरोचा उगमही पंधराव्या शतकातील उत्तर इटलीत पत्त्यांच्या खेळातूनच झाला, भविष्यकथन नंतर आले. त्यामुळे दोन्ही परंपरा मुळात खेळणाऱ्यांच्या हातांतल्या आहेत. आपल्या मालिकेत समुद्रकाठचे राज्य आणि खाडीतली जहाजे आहेत, असे आपण लिहिले आहे. तिने राजवाड्यातील कारागिरांचे काम प्रत्यक्ष पाहावे, आणि किनार, पार्श्वभूमीचे सपाट भडक रंग किंवा गटांची चिन्हे यांत त्यातले काही घ्यायचे ठरले, तर संचासोबतच्या पुस्तिकेत त्या कारागिरांचा ऋणनिर्देश असावा. करारपत्राचा मसुदा तयार झाला की हक्क, मुदत आणि प्रदेश यांची कलमे या मंचावर टाकावीत, म्हणजे मी आणि इतर सदस्य त्यांची भाषा तपासू शकू. नावे आणि रकमा मात्र काढूनच टाकाव्यात.