लस, रसी आणि ‘देवी काढणे’

प्रश्न असा आला आहे: ‘लस टोचणे’ बरोबर की ‘लस देणे’? आणि देवीच्या रोगाची लस टोचली की आजी ‘देवी काढल्या’ म्हणते, त्यात काढतात काय?

टोचा नाहीतर द्या, दोन्ही चालते. पोलिओचे थेंब तेवढे टोचू नका. ‘मुकवली’ मात्र नको! आम्ही बडोदेकर गुजराती क्रियापदाला (इथे ‘मूकवुं’, म्हणजे ठेवणे) मराठी शेपूट लावतो आणि मराठी बोलल्याचे समाधान मानतो. परवा दांडिया बाजारात एकीने दुसरीला विचारले, “बाळाला रसी मुकवली का गं?” मी चडफडतच घरी आलो. पण वाटेत राग विरला, कारण ‘रसी’ डोक्यात शिरली होती.

गुजरातीत रसी म्हणजे आधी पू, मग लस. कान वाहतो ती रसी, फोड फुटून येते ती रसी. आणि आपली लस? खरचटलेल्या गुडघ्यातून जे चिकट पाणी येते ते. चरकसंहितेत त्वचा आणि मांस यांच्यामधल्या पाण्याला ‘लसीका’ म्हटले आहे. सावध माणूस इथे थांबेल. मी थांबत नाही. र आणि ल यांत भेद मानू नये असे जुने लोक सांगून गेलेत; तेव्हा रस, रसी, लस ही एका घरची भावंडे, असे माझे ठाम मत.

आणि ‘लस’ हे नाव अगदी खरे होते. मुंबईत 1802 साली तीन वर्षांच्या एका मुलीला देवीची लस टोचली, ती हिंदुस्थानातली पहिली. पुढे कित्येक वर्षे ही लस दंडावरून दंडावर गेली: एका पोराच्या फोडातले पाणी दुसऱ्याच्या दंडात. पोर कुणाचे, कुठल्या जातीचे? सोवळ्यातल्या घरांनी कडी लावली ती यासाठीही. त्यांना आपण सरसकट अडाणी म्हणतो, पण परक्याची रसी अंगात घालणार हे तो शब्दच त्यांना सांगत होता. पुढे वासराच्या अंगावरची लस आली, तेव्हा कुरकुरीला गाईचे कारण मिळाले.

आता ‘काढणे’. आमच्या ओळखीतले एक निवृत्त प्राध्यापक सांगतात, काढणे म्हणजे हाकलणे, देवीची हकालपट्टी. प्राध्यापकांच्या घरी रांगोळी काढत नसावेत. अहो, देवी आल्या की घरात फोडणी बंद, दाराला कडुलिंब, परक्याला उंबरा बंद. (रोग्याला वेगळे ठेवण्याचे काम त्यात आपोआप होई, हे डॉक्टरही मान्य करतील.) जिथे दुखणे ‘आल्या’ असे मानाने येते, तिथे त्याला हाकलल्याची भाषा आजी करील? रांगोळी काढतो तशा दंडावर देवी काढल्या, उमटवल्या. थोरली रागावून येण्याआधी धाकटीला बोलावून घेतले. टोचणाऱ्याला गावोगाव ‘देवी डॉक्टर’ म्हणत. हाकलणाऱ्याला असे नाव कोण देईल? ‘लस’ म्हटल्यावर कडी लावणारी आजी ‘देवी काढायला’ दंड पुढे करी, असा माझा अंदाज आहे.

देवीचा रोग जगातून गेल्याचे 1980 साली जाहीर झाले. आमच्या सोसायटीत अजून गोवरालाही ‘माता निघाली’ म्हणतात आणि डॉक्टरला तीन दिवसांनी बोलावतात. शीतळा सातमीला थंड जेवा, मीही जेवतो. पण गोवराला गोवर म्हणा, त्याची लस आहे.

‘लस लावली’ हे इंदूरकरांचे, हिंदीतल्या ‘टीका लगवाना’वरून. त्यांच्यावर पुन्हा कधीतरी.