पुराचं पाणी लागलेलं घर विकताना

प्रश्न : सांगलीत वडिलांचं घर आहे. २०१९ च्या पुरात पाणी शिरलं होतं. भिंतींना कमरेपर्यंत लोणा (पांढरे क्षार) फुटलाय. रंग देऊन विकायला काढावं का? वडील वारले, प्रॉपर्टी कार्डावर नाव त्यांचंच आहे.

उत्तर : आधी रंगाचा डबा बाजूला ठेवा. लोण्यावर पुट्टी मारली की पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटतात, कारण ओल विटेत असते आणि पाणी बाहेर येताना क्षार सोबत आणतं. ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत गिलावा विटेपर्यंत काढा, सांधे खरवडा, क्षार कोरड्या ब्रशनं झाडा. धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातात. भिंत उन्हाळाभर उघडी वाळू द्या, मग वॉटरप्रूफिंग मिसळून नवा गिलावा. जमिनीतून ओल चढत असेल तर एवढ्यानं भागणार नाही, तीही अडवावी लागेल. पूर आला होता हे गिऱ्हाइकाला सांगूनच टाका. सांगलीत ते लपतं थोडंच!

कागदांचं काम याच उन्हाळ्यात उरका. मृत्यूदाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून नगर भूमापन कार्यालयात वारसनोंदीचा अर्ज करा. बहिणींची नावंही लागतील. त्यांना हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. तोंडी ‘आमचं काही म्हणणं नाही’ चालत नाही, खरेदीखत तिथंच अडतं.

विसार (सौदा ठरताना मिळणारी आगाऊ रक्कम) २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर रोख घेऊ नका, बँकेतूनच घ्या. रोख घेतल्यास तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच, बसू शकतो.